एकशे सात

"बाई, ही घ्या," म्हणत धुळाप्पा सरगरनं निरगुडीची फोक माझ्या टेबलावर आपटली. ओली होती. साल नीट सोललेलीसुद्धा नव्हती.

मी चौथीच्या पोरांना भागाकार घालत होते. सगळी पोरं फोकेकडं बघायला लागली आणि धुळाप्पाची वनिता तेवढी जमिनीकडं.

"हे कशाला?"

"वनीसाठनं. हाडं माझी, कातडं तुमचं. काल तिला सतराचा पाडा इचारला, तर म्हंती, मांडून सांगते. मांडून? सतराचा पाडा काय भांडी हायत मांडायला?"

पोरं खुसखुसली. तो वळला तशी गप्प झाली.

"मग, मांडला का तिनं?"

"मांडला की. चिंचोके घिऊन. तवर माझी भाकरी खाऊन झाली."

"उत्तर बरोबर आलं?"

"उत्तराचं काय घिऊन बसलाय! बाजारात गिऱ्हाईक थांबतंय व्हय चिंचोक्यासाठनं?"

"ही शाळा आहे, सरगर. बाजार शनिवारी असतो."

तो फोकेवर बोट ठेवून म्हणाला, "वापरा. न्हाईतर मी वापरतो." आणि निघून गेला.

मला धुळाप्पा आवडत नव्हता. इतकी वर्षं झाली, मी निवृत्त होऊन कऱ्हाडला येऊन राहिले, तरी तो आठवला की कपाळात तिडीक जाते. गाव माणदेशातलं, शाळा चौथीपर्यंतची, शिक्षक आम्ही दोघं. पोळ गुरुजी मोठे आणि मी धाकटी. शाळेच्या समितीचा अध्यक्ष धुळाप्पा. अध्यक्ष म्हणजे आपण शाळेचे मालक, अशी त्याची समजूत होती आणि गुरुजींची तिला हरकत नव्हती. धंद्यानं तो जनावरांचा दलाल. तालुक्याच्या बाजारात बैल, मेंढरं, शेरडं त्याच्या हातावरून जायची. हातावरून म्हणजे खरोखरच हातावरून. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक एका टॉवेलाखाली हात घालतात आणि बोटं धरून बोलतात. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. तो एक म्हणजे शंभर की हजार, हे समोरच्या जनावराकडं बघून ज्याचं त्यानं समजायचं. भोवती शंभर माणसं उभी असली तरी सौदा त्या दोघांतच राहतो. धुळाप्पाच्या बोटांची ख्याती चार तालुक्यांत होती. शिकलेला नव्हता, आकडे तेवढे ओळखायचा, पण तोंडी हिशेबात त्याला कुणी गाठायचं नाही.

आणि माझी ख्याती म्हणाल तर पोरांनी मला 'कसंबाई' नाव ठेवलं होतं. उत्तर सांगितलं की मी विचारायचे, कसं? बरोबर आलं तरी कसं, चुकलं तरी कसं. व्हरांड्याची भिंत कमरेपर्यंत मी काळ्या रंगानं रंगवून घेतली होती आणि प्रत्येकाला तिचा एकेक पट्टा दिला होता. त्यावर चुकलेलं पुसायचं नाही, हा माझा नियम. चूक तशीच ठेवायची, शेजारी पुन्हा मांडायचं, कुठं घसरलो ते सगळ्यांना सांगायचं, आणि मगच पुसायचं. त्यामुळं आमची भिंत कायम चुकांनी भरलेली असायची. येणाऱ्याजाणाऱ्या पालकांना ते बघवायचं नाही.

ती फोक मी टाकून दिली नाही. दुसऱ्या दिवशी पोरांच्या हातात दिली आणि म्हटलं, शाळा किती फोका लांब आहे, मोजा. मग वर्ग किती फोका, मारुतीच्या देवळापर्यंत किती फोका. उरलेला तुकडा म्हणजे पाव फोक की अर्धी, यावरून दोन पोरांची मारामारी झाली. पोरं दिवसभर ती फोक घेऊन गावभर हिंडली, आणि संध्याकाळपर्यंत धुळाप्पाच्या कानावर गेलं.

"माझ्या फोकेचा खेळ केलासा?" दुसऱ्या दिवशी तो दारातच उभा.

"तुम्हीच म्हणालात, वापरा."

"बाई, माझी थट्टा करू नगा."

"मी शिकवत्येय."

"पोरं गावभर हिंडत्यात आणि तुमी म्हणता शिकवत्येय!" त्यानं गुरुजींना हाक मारली. गुरुजी आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. "गुरुजी, तुमच्यासमूर सांगतो. म्हयन्यानं शिक्षणाचं साहेब येनार हायत, पालकांची सभा हाय. साहेबानं इचारल्यालं गणित वनीला चारचौघांत आलं, तर पाचवीला झऱ्याच्या वाडीच्या शाळंत धाडतो. न्हाई आलं, तर चौथीत बास. शेरडामागं जाईल. कुठं ह्या शिक्षनाच्या नादाला लागायचं!"

"अहो, पोरगी हुशार आहे," गुरुजी पुटपुटले.

"मग दिसू दे की."

वनिता दारामागं उभी होती. तिनं ऐकलं. घरात आई दिवसभर रानात, थोरली बहीण तिसरीतच शाळेतून काढलेली आणि आता नवऱ्याच्या घरी. बाप बोलतो तसं करतो, हे त्या पोरीला पुरतं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून ती पाण्याच्या सुट्टीतसुद्धा भिंतीपाशी बसून गणितं मांडायला लागली.

आणि दुसऱ्या दिवसापासून धुळाप्पा शाळेत येऊन बसायला लागला. अध्यक्ष म्हणून त्याला देखरेखीचा अधिकार आहे म्हणे. वर्गाच्या मागं त्याची खुर्ची, आणि खुर्चीशेजारी खाली वनिता.

"तिला पुढं बसू दे," मी म्हटलं.

"बापाजवळ बसली तर काय बिघडतंय? थंडीचं दिवस हायत." त्यानं खांद्यावरचा टॉवेल तिच्या अंगावर टाकला.

पहिल्याच दिवशी चमत्कार झाला. मी वर्गाला गणित घातलं आणि माझं सांगणं संपतंय तोच वनिता म्हणाली, "अठ्ठेचाळीस." बरोबर होतं. पुढचं घातलं. "छत्तीस." तेही बरोबर. कागद नाही, चिंचोका नाही, काही नाही. पोरं तोंडात बोट घालून बघत राहिली.

"कसं?" मी विचारलं.

वनितानं मान खाली घातली.

"वनिता, कसं आलं छत्तीस?"

"आता आलं न्हवं?" मागून धुळाप्पा म्हणाला. "बरूबर आलं. आता कसं कशाला?"

"मी तिला विचारत्येय."

"आनि मी तुमाला सांगतोय. बापाची नजर असली की पोरगी कशी पटापटा बोलती बगा. तुमच्या कसंकसंनं बावचळलीया ती."

आठवडाभर हेच चाललं. मी विचारणार, ती उत्तर फेकणार, मी 'कसं' म्हणणार, ती मान खाली घालणार. गावात बोभाटा झाला की धुळाअण्णा शाळेत बसाय लागल्यापासून पोरगी सुधारली. दोनतीन पालक माझ्याकडं येऊन म्हणाले, आम्ही पण बसू का? मी म्हटलं, बसा, आणि सोबत भाकरीही घेऊन या. ते आले नाहीत. पण मला मनातून राग आला होता, आणि राग कशाचा तेच कळत नव्हतं. पोरगी चटचट उत्तर देतेय, मास्तरणीनं खूश व्हावं. मी मात्र रात्री जेवतानासुद्धा चडफडत होते.

शनिवारी सकाळची शाळा, आणि त्या दिवशी धुळाप्पा बाजाराला. वनिता आपल्या पट्ट्यापाशी उकिडवी बसली होती. मी सहाशे चोवीस मेंढरं सहा घरांत वाटायला दिली होती. तिनं मांडलं, उत्तर आलं चौदा.

"कसं?" मी विचारलं.

"सहाला एक. मग दोनाला जात न्हाई, म्हून चोवीस घेतलं, चार. चौदा."

"बरं. मग सहा घरांत चौदा चौदा मेंढरं दे बघू."

ती बोटांवर मोजायला लागली. मोजता मोजता थांबली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, मेंढरं उरत्यात."

"किती?"

"लई. एका-एका घराची नव्वद मेंढरं कुटं गेली?"

"ते तूच शोध."

अर्धा तास ती भिंतीशी झगडली. मग एकदम ओरडली, "दोनाला जात न्हाई म्हंजे तिथं कायच न्हाई आलं! तिथं शून्य मांडाय पायजे! एकशे चार!" साऱ्या वर्गाला तिनं ते समजावून सांगितलं, मोठ्यानं, हातवारे करत, जणू नव्वद मेंढरं तिनंच लांडग्याच्या तोंडातून सोडवून आणली. तसा तिचा आवाज मी बापासमोर कधी ऐकला नव्हता.

सोमवारी पुन्हा खुर्ची, टॉवेल, "बहात्तर", "पंच्याण्णव", आणि मुकी पोरगी.

सभेच्या आदल्या दिवशी मी शाळेत आले तर व्हरांडा ओला. धुळाप्पा दोन गडी घेऊन आला होता आणि ओल्या पोत्यानं माझी अख्खी भिंत पुसून काढत होता.

"हे काय चाललंय?"

"साहेबाला काय चुका दाखवायच्या? पावना येनार म्हनल्यावर घर झाडत्यात का उकिरडा दाखवत्यात?"

"तो उकिरडा नाही. पोरांचा अभ्यास आहे."

"चुका म्हंजे अभ्यास?" तो गड्यांकडं बघून हसला. "ऐकलंत का रं? आता चुका केल्या की पगार मिळतोय."

गडी हसले. मी त्याच्या हातातलं पोतं हिसकावून घेतलं, पण तोवर भिंत स्वच्छ काळी झाली होती. पोरांची महिन्याची भांडणं, पाव फोक की अर्धी फोक, वनिताची नव्वद मेंढरं, सगळं पाण्याबरोबर गेलं. मी त्याला म्हटलं, "तुम्ही शाळेचे अध्यक्ष नाही, शाळेचा रोग आहात." गुरुजींनी माझा हात धरून मला आत नेलं, नाहीतर आणखी काहीबाही बोलले असते.

सभेला गाव लोटलं होतं. शिक्षण खात्याचे जमदाडे साहेब मधल्या खुर्चीवर, पुढं सतरंजीवर गडीमाणसं, मागं बायका, आणि व्हरांड्याच्या कडेला पोरं रांगेत. साहेब तसे सज्जन होते, पण दुपारचं जेवण जड झाल्यागत दिसत होते. तीनचार पोरांना त्यांनी विचारलं. कुणाला आलं, कुणाला नाही. ज्यांना आलं नाही त्यांच्या बापांनी माझ्याकडं रागानं बघितलं.

"आता आमच्या वनीला इचारा," धुळाप्पा म्हणाला. तो साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर होता. "ये गं, हितं ये. भ्यालंय लेकरू." तिला त्यानं आपल्याजवळ ओढून उभं केलं, तिचा हात हातात घेतला आणि सवयीनं टॉवेल मांडीवर घेतला.

साहेब म्हणाले, "पाचशे पस्तीस मेंढरं आहेत. पाच भावांना सारखी वाटली. एकेकाला किती?"

मला हायसं वाटलं. वर्गात शून्य पहिल्यांदा कुणी शोधलं असेल तर हिनंच. वनितानं डोळे मिटले. तिचे ओठ हलले. मी समोरच होते, मला स्पष्ट दिसलं, ओठ 'शंभर' म्हणत होते. मग ते थांबले. तिनं डोळे उघडले आणि खाली बघितलं.

"सतरा," ती म्हणाली.

"सतरा?" साहेब हसले. "बाकीची मेंढरं काय चोरीला गेली?"

सगळा व्हरांडा हसला. बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. धुळाप्पाचं तोंड लाल झालं.

"सतरा? कुटनं आनलंस सतरा?" त्यानं तिला गदागदा हलवलं. "बगा साहेब, बगा! हे शिक्षान! भित्तीवर चुका लिवून लिवून ही गत झालीया. मी आजच सांगतो, पोरगी चौथीत बास. उद्यापासनं शेरडामागं."

वनिता रडत नव्हती. नुसती उभी होती.

काही दिवसांपूर्वी जिनं ओरडून शून्य सांगितलं ती सतरा म्हणतेच कशी? मी पुढं झाले.

"वनिता, कसं?"

"आता कसं कशाला?" धुळाप्पा गरजला.

"वनिता, सतरा कसं आलं?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही, बापाकडंही नाही. ती टॉवेलाकडं बघत होती. आणि टॉवेलाखाली काहीतरी हलत होतं.

मी त्या बाजारावरून शंभरदा गेलेली बाई. टॉवेलाखालचे हात मला काही नवीन नव्हते. पण शाळेतला टॉवेल म्हणजे थंडी, एवढंच माझ्या डोक्यात. त्या क्षणी मला महिनाभराचे छत्तीस आणि अठ्ठेचाळीस एकदम कळले. मी हात पुढं केला आणि टॉवेल ओढून काढला.

पोरीची बोटं धुळाप्पाच्या मुठीत होती. सोडून द्यायचंसुद्धा त्याला सुचलं नाही.

सतरंजीवरची निम्मी माणसं बाजारातली. एका नजरेत त्यांना कळलं. म्हातारा रामू गलांडे मांडीवर थाप मारून म्हणाला, "आरं तिच्या! धुळा, पोरीसंगं सौदा करालायस व्हय?"

मघाचं हसू काहीच नाही, असं हसू आता फुटलं.

"मी एकशे सात दाबलं व्हतं!" धुळाप्पा उभा राहून ओरडला. त्याला स्वतःचं काय उघडं पडतंय त्याचंही भान नव्हतं. "एकशे सातच! हे बगा, पयलं एक बोट धरलं, ते शंभराचं. मग पंजा, मग दोन. एक आनि सात! बाजारात कुनालाबी इचारा, धुळाप्पाचं बोट चुकतंय का!"

"न्हाई चुकत," रामू म्हणाला. "पर हितं बैल कुठाय?"

बैल समोर असला की एक म्हणजे शंभर हे आंधळ्यालाही कळतं. गणितात बैल नसतो, आणि मधलं शून्य दाबायला बोटच नसतं. एवढा मोठा हिशेबी माणूस, पण हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. सात म्हणजे सात आणि एक म्हणजे एक, पोरीला त्याचे सतराच कळायचे.

"मला येत व्हतं," वनिता म्हणाली. इतक्या हळू, की साहेबांनी कान पुढं केला.

"काय येत व्हतं?" धुळाप्पा.

"एकशे सात."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी धरलं व्हतं की."

कुणी हसलं नाही. साहेब खाकरले आणि म्हणाले, "बाळ, मांडून दाखवशील?"

ती भिंतीपाशी गेली. त्या धुतलेल्या काळ्या भिंतीवर तिनं पाचशे पस्तीस मांडलं. पाचाला एक. तिनाला जात नाही, म्हणून शून्य. शून्य तिनं खडू दाबून काढलं, खडू तुटला. मग सात. आणि मागं वळून, साहेबांकडं नाही, माझ्याकडं नाही, सरळ बापाकडं बघून तिनं विचारलं, "सतरा म्हनलं तर एका-एका भावाची नव्वद मेंढरं कुटं गेली?"

मी पोरांना विचारते तसं तिनं विचारलं. अगदी माझ्याच सुरात.

धुळाप्पानं तिच्याकडं पाठ केली. तो माझ्याजवळ आला. "साहेबाच्या म्होरं माझी अब्रू काढलीसा," तो म्हणाला. "चौथीत बास म्हनलो न्हवं? बास म्हंजे बास." त्यानं वनिताला मनगटाला धरलं आणि घेऊन गेला. टॉवेल माझ्याच हातात राहिला.

ती शाळेत यायची बंद झाली. वार्षिक परीक्षा जवळ आली. गुरुजी दोनदा त्याच्या घरी जाऊन हात हलवत परतले. मला म्हणाले, "तुम्ही टॉवेल ओढायला नको होता." मी म्हटलं, "मग सतरा ठेवायचं होतं का?" एक दिवस बसमधून येताना ती मला दिसली. माळावर शेरडं पांगली होती आणि ती एका खडकाजवळ बसून काडीनं मातीत काहीतरी मांडत होती. बस थांबवायला लावावी असं वाटलं. थांबवून तरी काय करणार होते मी?

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी टॉवेल धुऊन, घडी करून पिशवीत घातला आणि बाजारात गेले. गुरांच्या बाजारात एकटी बाई म्हटल्यावर सगळे वळून वळून बघत होते. धुळाप्पा एका खिलारी खोंडाजवळ उभा होता. माझ्याकडं बघून त्यानं पाठ फिरवली.

"तुमचा टॉवेल," मी म्हटलं.

"जाळून टाका."

"पोरीला शाळेत पाठवा."

"का म्हून?"

"तिला येतं म्हणून. तुम्हालाही माहीत आहे तिला येतं."

तो वळला. "तुमाला ठावं हाय का मला आता बाजारात काय म्हंत्यात? एकशेसात! हात घालाय गेलो की म्हंत्यात, आधी बैल दाव. ईस वर्सं मी हितं हातावर पोट भरलं, बाई. तुमी एका दुपारी वाट लावलीसा."

"मी नाही. तुम्ही लावलीत. मी फक्त टॉवेल काढला."

"तुमी बाईमानूस हायसा म्हून..."

"नाहीतर काय केलं असतं?"

त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या. खोंड बुजून मागं सरला. आजूबाजूची माणसं जवळ आली होती, पण मी हलले नाही.

"मला कुनी शाळा दावली न्हाई," तो म्हणाला. आवाज खाली आला होता, पण राग तसाच होता. "सभेत चुकल्याल्या पोराला लोक हसत्यात. माझ्या पोरीला कुनी हसू न्हाई म्हून धरला हात. बाप हाय मी तिचा. चोर न्हाई."

"आणि तरी हसलेच."

"हसले," तो म्हणाला.

"तुमचा हात नसता तर हसले नसते."

"मग काय सोडून दिऊ तिला?"

"हो. सोडा. हात सोडा, शाळा नाही."

तो काही बोलणार तोच पलीकडून कुणीतरी ओरडलं, "ए एकशेसात! गिऱ्हाईक जातंय, हात घाल की!" चौफेर हसू उसळलं. मला वाटलं, आता हा माझ्या अंगावर येणार. त्यानं माझ्या हातातला टॉवेल हिसकावला. वाटलं, तोंडावर फेकतोय. त्यानं तो खांद्यावर टाकला, आणि जिथं भाव कधी कुणी तोंडानं बोलत नाही त्या बाजाराच्या मधोमध उभा राहून मोठ्यानं ओरडला:

"समदी ऐका! बोटं न्हाईत, तोंडानं सांगतोय, पुन्ना कुनी गफलत करू नगा. माजी वनी सोमवारी शाळंत जानार. परीक्षा देनार आनि पाचवीला झऱ्याच्या वाडीला जानार. आनि ह्या बाईचं तोंड मला ह्या जल्मात बगायचं न्हाई!"

"मलाही तुमचं बघायचं नाही," मी म्हटलं, आणि तिथून निघाले.

सोमवारी वनिता आली. भिंत पुन्हा चुकांनी भरायला लागली होती. तिनं आपला पट्टा धरला आणि मी घातलेलं गणित मांडायला लागली. थोड्या वेळानं पोरांची चुळबुळ ऐकू आली म्हणून मी मान वर केली, तर व्हरांड्याच्या कठड्याबाहेर धुळाप्पा. दोन्ही हात त्यानं पाठीमागं बांधले होते, एकमेकांत घट्ट अडकवून.

"काय काम आहे?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. बोललाही नाही. ठरवल्याप्रमाणं तो माझ्याशी पुढं कधीच बोलला नाही. पाचवी, सहावी, सातवीला तो तिला मोटारसायकलवरून माझ्या बसच्या शेजारून रोज घेऊन जायचा आणि मी दिसले की थुंकायचा. तिच्या लग्नाची पत्रिका मला आली ती तिनं धाडलेली, त्यानं नाही.

पण त्या सोमवारी मी कठड्याकडं पाठ केली आणि वनिताकडं बघितलं. तिचं चुकलं होतं. तिसऱ्याच ओळीत हातचा राहिला होता. मला दिसलं, म्हणजे त्यालाही दिसलं असणार, माझ्याआधी दिसलं असणार. मी तिरक्या नजरेनं बघितलं. त्याचे ओठ हलत होते. दंडाच्या शिरा फुगल्या होत्या. पाठीमागची बोटं एकमेकांना इतकी आवळून धरली होती की खांदे वर आले होते.

वनिता थांबली. खडू हनुवटीला लावून भिंतीकडं बघत राहिली. एकदाही मागं बघितलं नाही. मग म्हणाली, "बाई, हातचा ऱ्हायला." आणि चूक तशीच ठेवून शेजारी पुन्हा मांडायला लागली.

मी कठड्याकडं वळले तेव्हा तिथं कोणी नव्हतं.